विसावा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मी डूख धरतो. माझ्या अंगावर एकच इंग्रजी शब्द कोरलेला आहे, 'एक्सलंट'. म्हणजे अतिशय उत्तम, इतरांहून वरचढ. हल्ली लोक चहालाही एक्सलंट म्हणतात आणि दुपारच्या डुलकीलाही. म्हणोत बापडे! आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मात्र नियम होता. तपासनीसाने खुर्चीवर स्वतः बसायचे, मागेपुढे झुलायचे आणि ती कुरकुरली नाही, तरच बैठकीखाली मला उमटवायचे. असे वीस शिक्के मिळाले की मुख्य कारागिराची जागा.

आमच्या कारखान्यातल्या कारागीर काकूंचे एकोणीस शिक्के झाले होते. तेवढ्यात तपासनीसाचा जावई कामाला लागला. ढिल्या सांध्यांत तो भुसा आणि सरस कोंबायचा. काकू एकदा सहज म्हणाल्या, "जावईबापू, तुमची खुर्ची डुगडुगतेय हो."

झाले! सासऱ्याच्या नाकाला मिरची झोंबली. जावयाच्या खुर्च्यांवर तो न बसताच मला धडाधड आपटू लागला आणि काकूंच्या खुर्च्यांकडे ढुंकूनही बघेना. माझ्या तोंडून खोटे वदवले त्याने! चार वर्षे मी दातओठ खात हे सोसत होतो.

मग त्याचा निरोपसमारंभ आला. जावयाने खास खुर्ची केली. सासऱ्याने सवयीने मला उमटवले. भाषण झाले, तो ऐटीत टेकला आणि धाडकन आडवा झाला. उलटलेल्या खुर्चीखाली मी ठळक दिसत होतो. पॅकिंगवाल्या ताईने मोठ्याने वाचले, "एक्सलंट!" काय हशा पिकला! मला तर उकळ्या फुटल्या.

कुणीतरी दुसरी खुर्ची सरकवली. तो कंबर चोळत बसला, झुलला. खुर्ची गप्प.

"ही कुणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या. "खाली बघू नका, तिथे काही नाही."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने ओशाळून खुर्ची उलटी केली आणि मला दाबले. मी अंग चोरले. पुन्हा दाबले. त्याच्या हातून मी उमटणार नव्हतो!

कारखान्याच्या मालकीणबाईंनी पुढे होऊन मला त्याच्याकडून काढून घेतले. खुर्ची सरळ करून आधी स्वतः बसल्या, झुलल्या, मगच मला शाई लावली. काकूंचा विसावा शिक्का मी जीव ओतून उमटलो.

जावयाने खोट्या शिक्क्यांवर मिळवलेली जागा गेली; आता मी मुख्य कारागीर काकूंच्या खणात असतो. मित्रांनो, मला जरूर वापरा, पण आधी बसून बघा. जावई रोज नवी खुर्ची आणतो. काकू बसतात, झुलतात आणि खण बंदच ठेवतात. आत मी गालातल्या गालात हसतो.