कोलंबियातला बांध

सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झाला तरी चोरांची ओळखपरेडच चालली होती. एकेक नट यायचा, हळूहळू चालायचा, गॉगल काढायचा आणि पुन्हा घालायचा. सात मोठे नट आणि तीन मोठ्या नट्या. त्यांच्या नुसत्या येण्यातच निम्मा सिनेमा खर्ची पडणार असं दिसत होतं. बहिरू मात्र पापणी लवू न देता पडद्याकडे बघत होता. त्याला ना त्या चोरांशी घेणं होतं, ना ते चोरणार होते त्या हिऱ्यांशी. त्याला त्याचा बांध बघायचा होता.

हकीकत अशी, की घोटावड्याच्या शिवारात बहिरू आणि त्याचा धाकटा भाऊ भिवाजी यांची भातखाचरं शेजारी शेजारी. सातबारा अजून सामाईकच. वाटणी वडलांनी तोंडी करून दिली होती आणि मधला बांध स्वतःच्या हातानं घातला होता. सरकारी नकाशात तो कधी नव्हताच. गेल्या वर्षी भात काढून झाल्यावर सिनेमावाल्यांनी मोटारींच्या पाठलागासाठी दोन्ही खाचरं मागून घेतली. काम झालं की होतं तसं करून देऊ म्हणाले. ज्या सकाळी त्यांच्या जेसीबीनं बांध सपाट केला, त्या सकाळी दोघे भाऊ मंडपात हिरोच्या दोन अंगांना फोटोसाठी उभे होते. वडलांचा बांध पाठीमागे मोडत होता आणि मागं वळून बघायचं भान एकालाही राहिलं नाही.

सिनेमावाले होतं तसं न करताच निघून गेले. बांध पुन्हा घालायची वेळ आली तेव्हा बहिरू म्हणाला, विजेचा खांब माझ्या वावरात होता. भिवाजी म्हणाला, माझ्या. खांबाजवळच्या त्या पट्टीतूनच सडकेला जायची वाट होती. पट्टी ज्याची, त्याच्या जमिनीला रस्ता. आणि हल्ली रस्ता नसलेल्या जमिनीला कुत्रंसुद्धा विचारत नाही. झालं. दोघांचं बोलणं बंद पडलं. भिवाजीच्या मुलीच्या हळदीला बहिरूच्या घरचं कुणी गेलं नाही, आणि बहिरूची म्हैस मेली तेव्हा भिवाजी दारात बसून चहा प्यायला.

शेवटी सिनेमावाल्यांना जागा दाखवत फिरणारा सूस गावचा कौस्तुभ एकदा बोलून गेला, की बांध मोडायच्या आदल्या दिवशी ड्रोननं वरून सगळं शिवार टिपलंय, ते सिनेमात येणार आहे. मग दोघा भावांनी भैरोबाच्या देवळात सगळ्यांसमक्ष भंडारा उचलला. सिनेमात दिसेल तो बांध. जो फिरेल त्याला देव बघून घेईल. गावानं हसू दाबून मान्य केलं आणि पंच म्हणून जनार्दन गुरवाला बरोबर दिलं.

म्हणून आज हिंजवडीच्या बाजूच्या या थंडगार थेटरात एका रांगेच्या या टोकाला बहिरू आणि त्याची बायको रंभाबाई, त्या टोकाला भिवाजी आणि त्याची साळूबाई, आणि मधोमध जनार्दन गुरव बसला होता. बाकी थेटरात कंपनीतली चारदोन पोरं होती, तीही आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून. गुरव तिसऱ्या नटाच्या आगमनालाच घोरू लागला.

मध्यंतरात रंभाबाईनं मक्याच्या लाह्या घेतल्या. साळूबाई भिंतीकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लोकाची पट्टी खाऊन पोट भरंना, आता लाह्या खात्यात."

"आमी आमच्या इकत घेतल्यात," रंभाबाईनंही भिंतीलाच सांगितलं. "कुनाच्या बांधावरनं खुडून आनल्या न्हाईत."

साळूबाईचं डोकं उठलं. ती पुन्हा आत आलीच नाही, बाहेर बाकावर बसून राहिली.

मध्यंतरानंतर एकदाची चोरी झाली. कशी झाली ते कळलं नाही. बहुधा चोरांनाही कळलं नसावं. तिजोरी त्यांनी कपाट उघडावं तशी उघडली. पहारेकरी आंधळे असल्यासारखे वागले. दगा कोण देणार हे पोस्टरवरच दिसत होतं, त्यानंच दिला. एवढे मोठे नट, पण एकाच्याही चेहऱ्यावर पकडले जाण्याची भीती नव्हती. भिवाजीची हनुवटी छातीवर टेकली.

आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'कोलंबिया' असं नाव उमटलं. त्याच्याखाली घोटावड्याचा डोंगर होता. कापलेल्या भाताची खोडकं होती. खाचरांच्या मधून वडलांचा बांध सरळ येत होता आणि खांबाजवळ किंचित वळत होता. खांबाला वळसा घालून तो बहिरूच्या अंगाला सरकला होता. खांब स्वच्छ भिवाजीच्या वावरात होता.

ते वळण बहिरू साफ विसरला होता. खोटं बोलतोय असं त्याला वर्षभरात एकदाही वाटलं नव्हतं. मग एक मोटार खाचरात उडी मारून आली आणि शिवार गेलं.

रंभाबाईनं त्याचा गुडघा दाबला. "गप ऱ्हावा. त्यो झोपलाय. गुरव बी झोपलाय."

पुढचा सिनेमा बहिरूनं पाहिला नाही. भंडारा उचललेला तळवा तो धोतरावर पुसत राहिला.

बाहेर आल्यावर गुरवानं आपली झोप लपवायला घाईनं निकाल दिला, की काही दिसलं नाही, कापलं असणार. भिवाजी खाली मान घालून उभा होता. मग वर्षात पहिल्यांदाच तो थोरल्या भावाशी बोलला.

"माझा डोळा लागला. तू जागा हुतास. आला का बांध?"

"कुटं आला?" रंभाबाई मध्येच म्हणाली. "कोलंबिया दावला नुसता."

"आला," बहिरू म्हणाला. "खांब तुझ्यात हाय. घे, आन् घाल मढ्यावर."

रंभाबाईनं कपाळावर हात मारला. भिवाजीला आनंद व्हायला हवा होता. तो भावाकडे टक लावून बघत राहिला, आणि त्याचे डोळे बारीक होत गेले.

"तू आपल्या तोंडानं देतोयस? मला?" तो म्हणाला. "सडक रुंद व्हनार हाय, व्हय ना? पट्टी जानार, म्हनून आता माझ्या गळ्यात मारतोयस. न्हाई. खांब तुझ्यातच हुता. मी पयल्यापास्नं तसंच म्हनतोय."

साळूबाईनं लगेच मान डोलावली. गुरवानंही डोलावली.

खोटं बोलताना बहिरूवर निम्म्या गावानं विश्वास ठेवला होता. खरं बोलल्यावर सख्खा भाऊ त्याला चोर म्हणत होता. त्यानं भिवाजीचं मनगट धरलं, खिडकीवर पुढच्या खेळाची दोन तिकिटं घेतली आणि बायकांना, गुरवाला तिथंच सोडून त्याला आत ओढत नेलं. या खेपेला दोघे लागून बसले. बहिरू पडद्याकडे बघतच नव्हता. तो भावाच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि पापणी मिटली की बरगडीत कोपर घालत होता.

"मार," भिवाजी अंधारात म्हणाला. "पर आत्ताच सांगून ठिवतो. दिसला तरी मी मान्नार न्हाई."