डोक्याजवळ हात नेला की बंद

कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं टर्बाइनपाशी ड्युटी केली मी, अन् कान तिथंच सोडून आलो. पण हे कबूल करायले मले आणखी नऊ वर्षं लागली. ताराचंद बहिरा झाला असं कोणी म्हणावं? छ्या! त्यापेक्षा मी मान हलवत बसायचो. कोणी काहीही बोललं की आपलं ठरलेलं, "हो हो, बराबर आहे." आमच्या नंदनवन वस्तीतले लोक मले मोठा समजूतदार माणूस समजायले लागले. अशानंच एकदा मी गणेश मंडळाचा अध्यक्ष झालो, अन् ते मले चौकात माह्या फोटोचं बॅनर लागल्यावर समजलं.

शेवटी माही पोरगी मेघा चिडली अन् धरमपेठेतून कानाची मशीन घेऊन आली. मशीन शेंगदाण्याएवढी, तिचं बटण मोहरीएवढं. माह्या एका बोटाखाली बटणही यायचं अन् अर्धा कानही. मंग तिनं ती बदलून दुसरी आणली, हात न लावता चालणारी. कानाजवळून हात वर नेला की आवाज वाढते, खाली आणला की कमी होते, अन् डोक्याजवळ नेऊन थांबवला की बंद. परत तसंच केलं की चालू.

"बाबा, किती सोपं आहे!" मेघा म्हणाली.

सोपं? अवं, टर्बाइनच्या त्या घरघरीत आम्ही जिंदगीभर हातानंच बोललो. चहा पायजे, साहेब आला, वाल्व बंद कर, सगळं हातानं. असे हात म्हातारपणी गुपचूप बसतात होय?

चौथ्याच दिवशी रस्त्यापलीकडे माह्यासोबत ड्युटी करणारा वामनराव दिसला. मी खुशीत हात वर केला. आवाज वाढला, अन् तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला. तो हॉर्न कानात नाही वाजला, मेंदूत वाजला. मी खालीच बसलो. लोक जमा झाले, फिट आली म्हणून एकानं नाकाशी कांदा धरला. मीही मान हलवली, "हो हो, बराबर आहे."

पण भैताड माणसालेही कधी कधी अक्कल सुचते. माही बायको प्रेमिला बोलायले बसली की तिचं एका तासात भागत नाही. एक दिवस मी सहज टकलावरच्या उरलेल्या केसांवरून हात फिरवला, अन् काय सांगू, घरात शांतता! तिचे ओठ हलून राहिले, अन् माह्या कानात काहीच नाही. बाप्पा, चाळीस वर्षांच्या संसारात अशी मजा मले कधी आली नव्हती. मंग तर रोजच. ती बोलायले लागली की माहा हात डोक्यावर. अध्येमध्ये मान हलवायची, बस. मान हलवण्यात तर मी मुरलेलोच होतो.

रविवारी दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. तिनं तोंड उघडलं, मी हात फिरवला. त्या दिवशी ती जरा जास्तच वेळ बोलली. हातातली शेंग तशीच राहिली. मी आपली तीनदा मान हलवली. शेवटी तिनं काहीतरी विचारलं अन् थांबली. मी म्हटलं, "हो हो, बराबर आहे." ती उठून आत गेली.

संध्याकाळी पाहतो तर बाई बॅग भरून राहिली. आपण कशाले हो म्हटलं? विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? मी अंदाज घेत विचारलं, "मंग, कवा निघायचं?"

"मंगळवारी. सांगितलं ना."

"अन् सोबत कोण?"

"सुमती. तुम्हीच तर हो म्हटलं."

सुमती म्हणजे तिची लहान बहीण. माह्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोघी बहिणी फिरायले चालल्या, अन् नवऱ्याले घरी ठेवून चालल्या! मले असा राग आला म्हणता. रात्रभर तोंड फुगवून होतो. सकाळी प्रेमिला दळण आणायले गेली तसा मी सुमतीले फोन लावला, दोन शब्द सुनवायले.

मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. भूल डोळ्यापुरतीच देतात. काचबिंदूनं ताईच्या डाव्या डोळ्याचं गेलं ते आता येत नाही, पण डॉक्टर म्हणते, ऑपरेशन केलं तर उजवा वाचीन."

मी फोन ठेवला. काचबिंदू. प्रेमिलाच्या हातून चहा कपाच्या बाहेर सांडला की मी तिले हसायचो. "काय वं, डोळे फुटले का?" असं म्हणायचो. खरंच म्हणायचो. लाज वाटली मले, इतकी की सांगता सोय नाही.

ती दळण घेऊन आली. मी म्हटलं, "प्रेमिला, काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं की. रविवारी."

"अवं, मी तवा..."

"मशीन बंद केली होती. माहीत आहे मले." डबा खाली ठेवून ती माह्यासमोर बसली. "तुमचा हात डोक्यावर गेला, तवाच मी बोलायले लागली. चार महिने झाले, सांगायचं होतं. तुमच्याकडे पाहिलं की तोंडून शब्दच निघत नव्हता. म्हटलं, आता हे आयकून नाही राहिले, आता बोलून पाहू."

मले वाटे, मीच मोठा हुशार.

"मंगळवारी मी येतो," मी म्हटलं.

"तुम्ही? डॉक्टर डावा म्हणीन की उजवा, तुम्ही तिथं बसून हो हो करान."

"नाही करत. आता सांग मले. सगळं सांग. मशीन चालू आहे."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "डाव्या बाजूनं मले तुम्ही दिसतच नाही आता," ती म्हणाली, "अन् उजव्यानंही जसं काही..."

माहा हात आपोआप डोक्याले लागला. असं आयकल्यावर कोणाचा नाही लागणार? अन् मशीन बंद. तिचे ओठ हलून राहिले, डोळ्यातून पाणी वाहून राहिलं, अन् मी ठार बहिरा.

"थांब, थांब! बंद पडली!" मी ओरडलो. घाईघाईत हात फिरवला, आवाज वाढला. परत फिरवला, परत बंद. तिले रडता रडता हसू आलं. मंग एकदाची चालू झाली.

तशी ती सरकून जवळ आली. माहे दोन्ही हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतले, हलू नयेत म्हणून घट्ट धरून ठेवले, अन् पहिल्यापासून सांगायले लागली. इतक्या हळू आवाजात ती माह्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती.