लिकासीच्या काकांचा दुखवटा

लिकासी गावचे आमचे काका वारले, असं आम्ही गल्लीभर सांगितलं. असे कुणी काका आम्हाला नव्हतेच.

पण दुखवटा मांडला की अंगणात ताडपत्री, रस्त्यावर खुर्च्या, ढोल, भजनं, सगळं दिवसभर चालतं. दुखवट्याच्या घरात शिपाईसुद्धा शिरत नाही. त्या आवाजाआड आमच्या झोपायच्या खोलीत कुदळ चालवायची, ही अक्कल माझ्या धाकट्या भावाची, कापेंडची. "ताई, तू फक्त रडायचं. तुला तर निमित्तच लागतं," म्हणाला गधडा.

आमच्या कोलवेझी शहरात घराखाली खणलं की कोबाल्ट लागतं. तेलावरून भांडणारे मोठे देश आता आमच्या मातीवरून भांडतात. म्हणे त्यांच्या गाड्या पुढे हिच्यावर चालणार! एकाने भाव पाडायचा, दुसऱ्याने चढवायचा, तिसऱ्याने सरकारशी करार करायचा, आणि काटेरी तार आली ती आमच्या गल्लीभोवती. लवकरच बुलडोझर येणार होता. घराखालचं आम्ही काढलं तर चोरी, त्यांनी काढलं तर विकास. चुलीत जावोत सगळे. आम्हाला दुसरीकडे चार भिंती उभ्या करण्यापुरतं हवं होतं, बस.

मी अंगणात चटईवर बसायची. आतून कुदळीचा आवाज वाढला की हंबरडा फोडायची. मग बायका भजन चढवायच्या. शेजारची मा शाला मला मक्याच्या पिठाच्या बुकारीचे घास भरवत होती.

"खा गं. काकांचा फार जीव होता वाटतं तुझ्यावर?"

"फार," मी म्हटलं. हसू आवरेना म्हणून कापडात तोंड खुपसलं.

आत माझा नवरा रुबुझ दोर धरून बसलेला असायचा. कापेंड खाली, घराखाली आडव्या खणत नेलेल्या भुयारात. त्या दुपारी पाद्रीबाबा आख्खी गायकमंडळी घेऊन आले. घरचा पुरुष बाहेर येऊन त्यांना बसवणार नाही, असं कसं चालेल? रुबुझ आला, खुर्च्या दिल्या, दोन शब्द बोलला. मंडळींनी गाणं धरलं, ढोल रंगात आला. रुबुझ आत गेला आणि लगेच दारात परत आला. अंगभर लाल धूळ.

"खोली खचली," माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "तो जिवंत आहे, ओरडतोय. पण कुठून ते कळत नाही. यांना गप्प कर!" आणि तसाच आत पळाला.

मी उठले. "थांबा! ढोल थांबवा! माझा भाऊ आत गाडला गेलाय!"

दुखवट्यात बाई अशी उठली की तिला सोडायचं नसतं. चौघीजणी धरतात, खाली बसवतात, आणि तिचं रडणं तिलाच ऐकू येऊ नये म्हणून गाणं वाढवतात. काय बोलते ते कुणी ऐकत नाही, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी स्वतः कितीजणींना असं धरलंय! मा शालाने मला मिठीच मारली. "रड, माझे बाई, मोकळी हो." मी तिला कडकडून चावले. रक्त आलं, पण तिने सोडलं नाही. इतकी चांगली बाई, आणि मला तिचा जीव घ्यावासा वाटत होता. ढोलवाला डोळे मिटून बडवतच होता.

शेवटी रुबुझ बाहेर धावत आला आणि त्याने ढोलात कुदळ घातली.

सगळे गप्प झाले. मग समजलं त्यांना. पाद्री, गायक, बायका, जो तो आत धावला आणि खचलेल्या जमिनीला कान लावून पालथा पडला. कुणीतरी खोकलं, त्याला रुबुझने शिवी हासडली.

"कापेंड, बोल रे," मी म्हटलं. "एकदा बोल. आता कुणी गात नाही."

रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते. ते जाईपर्यंत आम्ही श्वास रोखून थांबलो. पुन्हा कान लावले. काहीच आलं नाही.

रुबुझ कुदळ घेऊन खोलीभर फिरत होता. कुठे खणू, कुठे खणू, विचारत होता. कुणालाच सांगता येईना.