पहिला ट्रे

आमच्या बेकरीत पहिला ट्रे विकायचा नाही, हा सासऱ्यांचा दंडक. भट्टीतून निघालेली बिस्किटं आधी घरातल्या सगळ्यांनी उभ्या उभ्या खायची. एकानेही तोंड फिरवलं, तर त्या दिवसाचा माल दुकानात जात नाही. गिऱ्हाइकांना हे इतक्यांदा सांगून झालं होतं की माझे कान किटले होते.

नणंद परत आली आणि तोच दंडक सासऱ्यांच्या अंगाशी आला. तिचं सासर जंगलाला लागून. घर चालायचं ते मधावर. एका कंपनीने ते जंगल तोडून मैलोन्‌मैल पामची झाडं लावली. मधमाश्या गेल्या, ओढा आटला, तिचा नवरा लांब कुठे मजुरीला लागला. ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. सकाळी तिने भट्टीमागे रचलेले पाम तेलाचे डबे पाहिले आणि ट्रेपुढे हात मागे बांधून उभी राहिली.

"मी नाही खाणार, बाबा. असल्याच तेलासाठी आमचं जंगल गेलं."

सासरे हसले. सगळं जग हेच तेल वापरतं, लोण्याची बिस्किटं टिकत नाहीत, आणि आपल्या दोन डब्यांनी काय होतंय, म्हणाले. माझ्या नवऱ्याने मान डोलावली. वडील बोलले की तो डोलावतोच.

"तोडणारेही हेच म्हणायचे," नणंद म्हणाली. "एका झाडाने काय होतंय."

तेव्हा सासऱ्यांनी ठेवणीतलं काढलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं तोंड या घरात मोजत नाहीत, म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांपर्यंत नेलेलं बिस्कीट मी ट्रेत परत ठेवलं.

"मग माझं मोजा. मीही खाणार नाही. ते डबे इथे आहेत तोवर एकही दिवस नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. या खेपेला मान हलली नाही.

बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. माल विकला असता तर कुणाला कळणार होतं? पण सासऱ्यांनी ट्रे बाजूला ठेवला. मग स्वतः दाराशी गेले आणि आज बिस्किटं नाहीत, घरच्यांनी नाकारली, असं सांगून टाकलं. काय बिघडलं, कुणीतरी विचारलं.

"माझ्या मुलीला विचारा," ते घुश्शातच म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

नणंदेने मागे बांधलेले हात सोडले आणि ती पुढे गेली.