जिभेचं घर, दातांचं घर

आजी म्हणावं असं तिचं वय नव्हतं. पण नात झाली आणि घरातल्या सगळ्यांनी तिला एका दिवसात आजी करून टाकलं. तिनंही तक्रार केली नाही. इस्पितळाच्या नोंदणी विभागात मात्र ती अजून ताईच होती. डॉक्टर रोग्याला तपासून जे बोलून ठेवायचे, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाईप करून त्याचा अहवाल बनवायचा, हे तिचं काम. टेबलाखाली पायाशी एक पेडल असे. दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, टाच दाबली की मागे. हात अक्षरांवर, पाय पेडलवर, कान डॉक्टरांकडे. शेजारच्या टेबलावरचा बडबड्या म्हणायचा, "ताई, तुम्ही शिलाई मशीन चालवताय की इस्पितळ?"

खिडकीजवळचं ते टेबल इतकी वर्षं तिचंच होतं. कोणती वायर कुठे जाते हे तिला बघावं लागत नव्हतं. आणि बघावं लागत नव्हतं म्हणूनच कुणाला कळलं नव्हतं, की तिला आता दिसत नाही.

म्हणजे अगदी दिसत नाही असं नाही. कडा दिसायच्या, मधलं जायचं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसत, खांदे दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी ओला बोळा फिरवल्यासारखं काहीतरी. म्हणून ती मान वळवून तिरकं बघायची. बडबड्यानं त्यावरही कोटी केली होती. "ताई हल्ली भाव खातात, सरळ बघतच नाहीत." ती हसली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली. मधलं गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कडा राहतील, असंही सांगितलं, पण ते सांगताना त्यांचा आवाज जरा घाईचा झाला. आवाजातली घाई तिला कळते. जन्मभर तेच ऐकलं.

मग एक दिवस विभागात फर्मान निघालं. जुने संगणक काढायचे. प्रत्येकाला लॅपटॉप मिळणार, आणि कुणाचंही टेबल ठरलेलं नाही. सकाळी यायचं, जे टेबल रिकामं दिसेल तिथे बसायचं. प्रत्येक टेबलावर एक डॉकिंग स्टेशन असेल. त्यात लॅपटॉप जोडायचा, आपले हेडफोन, आपलं पेडल जोडायचं, की झालं. सवय व्हावी म्हणून आठवडाभर सगळं घरी न्यायची मुभा होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. पण डोक्यात दुसरंच होतं. उद्या दहा जणांसमोर, परक्या टेबलावर, वायरी हातात घेऊन चाचपडायचं. म्हणजे झाकली मूठ उघडलीच.

सून घरून काम करायची. तिच्या टेबलावर तसलाच एक डॉक होता, साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा, चहूबाजूंनी भोकं. दुपारी सून स्वयंपाकघरात आणि नात झोपलेली असताना आजीनं हळूच लॅपटॉप त्याला लावला. ती वायर बारीक, दोन्ही कडांना गोल, कशीही घातली तरी रुसत नाही. गेली. मग पेडलची वायर घेतली. चपटं, चौकोनी टोक. बोटानं ठोकळ्याची कड चाचपली, चौकोनी भोक लागलं, टोक आत सरकवलं. छान गेलं. अडलं नाही, अडखळलं नाही. तिला हायसं वाटलं. हेडफोन कानाला लावून तिनं पेडल दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. टाच दाबली.

"आई, काय चाललंय?" सून ओल्या हातांनी दारात उभी होती.

"अगं, हे पेडल बिघडलंय वाटतं. इतकी वर्षं चालत होतं आणि नेमकं आत्ता…"

सून जवळ आली. "आई, हे तुम्ही इंटरनेटच्या वायरीच्या घरात घातलंय. ही वायर त्यात बसते खरी, पण चालत नाही." ती हसणार होती. मग तिचं हसू तसंच राहिलं. "एवढं मोठं भोक आहे. बाजूला इंटरनेटची खूण काढलीय. तुम्हाला… आई, माझ्याकडे बघा बरं. सरळ बघा."

आजीनं सरळ बघितलं. सुनेचे कान दिसले, एका कानामागे खोचलेली बट दिसली.

"काय दिसतंय?"

"तू दिसतेस," आजी म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्याभोवतीचं दिसतंय."

सून खुर्चीत बसली. आजीला वाटलं, आता ही मुलाला फोन करणार. तो कामासाठी दूर गावी होता, तिथून धावत येणार, आणि मग दोघं मिळून तिच्या आयुष्याचा हिशेब मांडणार. पण सुनेनं विचारलं ते वेगळंच.

"टाईप केलेलं परत वाचता कसं?"

"अक्षर मोठं करते. कडेनं वाचते. वेळ लागतो."

"आणि चुकलं तर? आई, ते रोग्यांचे कागद आहेत."

हेच ते. हेच कुणी विचारू नये म्हणून ती वर्षभर हसत होती. मध्ये एकदा घरी आल्यावर तिला आठवेना, की त्या माणसाचं डावं मूत्रपिंड लिहिलं की उजवं. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन तिनं ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं. बरोबर होतं. पण त्या रात्रीपासून तिची झोप उडाली ती उडालीच.

"मी शिकवते हे सगळं," सून म्हणाली. "पण एका अटीवर. ऑफिसात सांगायचं."

"सांगितलं की मला उठवतील. आणि उठवताना हात धरतील, सावकाश म्हणतील. तो हात मला नको, अगं."

"पण सांगायचं."

आजीनं पेडलची वायर ओढून काढली. मग म्हणाली, "सांगीन. पण माझं मी जोडून, माझं मी बसून, कानाला लावून मगच सांगीन. उभ्याउभ्या नाही सांगणार."

"चालेल," सून म्हणाली. "आणि यांना?"

"त्याला त्यानंतर. आधी मला बसू दे."

पहिले दोन दिवस काही जमेना. सुनेनं सुचवलं, भोकांशेजारी बोटाला लागतील अशी खुणेची बटणं चिकटवू. आजी म्हणाली, "इथे चिकटवशील. तिथल्या टेबलांवर कोण चिकटवणार? रोज नवा सोयरा." बरोबरच होतं ते. भोकं मोजून पाठ करावीत, तर डॉक उलटा ठेवला की मोजणी उलटी. दर वेळी पेडल जायचं त्याच परक्या घरात, आणि तिथे इतकं मऊपणे बसायचं की हात फसायचाच. "मेलं मुद्दाम बोलावतं," आजी वैतागून म्हणायची.

त्यात नातीनं घर डोक्यावर घेतलं. चिमणी म्हणायचे तिला, पण त्या दिवशी तिनं कावळ्याचा सूर लावला होता. खाईना, पिईना, लाळ गळतेय, कडेवरून उतरेना. सुनेला वाटलं पोट दुखतंय. आजीनं हात स्वच्छ धुतला, बोट पोरीच्या तोंडात घातलं आणि हिरडीवरून सावकाश फिरवलं.

"दाढ येतेय. वरची. डावीकडची."

सुनेनं मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. "काहीच नाही दिसत आई."

"तुला दिसत नाही म्हणून नाही होत का? आहे तिथे. टोक लागतंय."

सून एकदम थांबली. उजेड तसाच हातात. मग तिनं सासूचा हात धरला, पण ते सावकाश म्हणणारं धरणं नव्हतं, ओढून नेणारं होतं. तिनं तिला टेबलापाशी बसवलं आणि तिच्या बोटाचं नख डॉकच्या एका भोकात टेकवलं.

"काय लागतंय?"

"भोक."

"आत बघा. जसं तिच्या तोंडात बघितलंत तसं."

आजीनं नख आत नेलं. मधोमध काहीतरी चपटं, गुळगुळीत आडवं होतं. "पट्टी आहे. जिभेसारखी."

"आता हे."

दुसऱ्या भोकात जीभ नव्हती. वरच्या अंगाला बारीक, खरखरीत तारांची ओळ होती, नख फिरवलं की तुरतुर वाजणारी. आणि एका बाजूला खाच. "दात आहेत गं याला!"

"हेच ते आई. जिथे दात, तिथे इंटरनेट. जिथे जीभ, तिथे तुमचं पेडल."

मग त्या दोघींनी सगळा ठोकळाच नव्यानं बघितला. संगणकाच्या पडद्याच्या वायरीचं घर खांदे पाडून बसलेल्या माणसासारखं, खालून निमुळतं. हेडफोनचं नुसतं गोल, बिळासारखं. चिमणी कडेवरून वाकून बघत होती. आईनं "जीभ?" म्हटलं की ती जीभ काढायची, "दात?" म्हटलं की आजीचं बोट धरून चावायची. बाकीचे दिवस घरात हाच खेळ. सून डॉक कधी उलटा ठेवायची, कधी उशीमागे, कधी पुस्तकांच्या खाली, आणि आजी शोधायची. चुकायची. पुन्हा नख घालायची. कधीकधी ती नुसतीच बसून राहायची, हात मांडीवर टाकून, आणि सून चिमणीला दुसऱ्या खोलीत न्यायची.

आठवडा संपला, त्या सकाळी विभागात गेल्यावर खिडकीजवळचं टेबल कुणीतरी आधीच धरलं होतं. तिला मधलं मिळालं, सगळ्यांच्या नजरेसमोरचं. शेजारी बडबड्या होता, तेवढाच धीर. इथला डॉक पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"ताई, आणा इकडे, मी लावून देतो. तुम्ही राणीसारख्या बसा."

"तू तुझी जीभ सांभाळ," ती म्हणाली. "मला माझी शोधू दे."

बडबड्याला ते काही कळलं नाही, पण तो हसला. लॅपटॉपची वायर टेबलावर मोकळी पडलेली, ती लागली. हेडफोन लागले. पेडलची वायर घेऊन तिनं हात पडद्यामागे घातला. कड, चौकोन, आत. छान गेलं. खुर्चीत बसून तिनं परवलीचा शब्द बोटांच्या सवयीनं टाईप केला, आणि पेडल दाबलं.

काही नाही.

शेजारचा गप्प झाला होता, आणि त्याचं गप्प होणं हे सगळ्यात वाईट होतं. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. फार छान गेलं होतं, तिला वाटलं. खरं घर इतक्या सहज आत घेत नाही. तिनं वायर ओढून काढली. नख आत घातलं. तुरतुर.

दात.

नख शेजारी सरकलं. खांदे पाडलेलं घर. त्याच्या पुढे एक चौकोन, आणि आत चपटी, गुळगुळीत जीभ. टोक टेकवलं, गेलं नाही. उलटं केलं. थोडं अडलं, मग धरून बसलं.

पाय दाबला. कानात डॉक्टर खोकले आणि म्हणाले, "रुग्ण स्त्री, डाव्या खांद्यात वेदना…"

तिनं तो अहवाल शेवटपर्यंत लिहिला. मग पाय उचलला, एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि म्हणाली, "मोठ्या बाईंना जरा बोलावतोस? मी उठत नाही."

विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या आल्या. आजीनं मान वळवून त्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि सांगितलं. मधलं दिसत नाही. परत येणार नाही. ऐकू येतं, लिहिता येतं, वाचून नीट तपासता येत नाही. अक्षर बोलून दाखवणारी सोय लॅपटॉपात असते, सून म्हणाली, पण ती चालू करायला तुमची परवानगी लागेल.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"आणि सांगताय आज."

"हो. आज."

मोठ्या बाईंचा चेहरा नव्हताच तिच्यासमोर, त्यामुळे त्यांच्या श्वासाकडेच लक्ष ठेवावं लागलं. "वर्षभराचे कागद मला पुन्हा तपासायला द्यावे लागतील," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज कडक होता, आणि त्यात घाई नव्हती.

"द्या. मूळ बोलणं मी ऐकून सांगीन. एकेक."

"वर विचारावं लागेल. काय म्हणतील, मला सांगता येणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर तुमचा प्रत्येक कागद दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं वाचायचा. मगच पुढे जाईल."

"मी वाचतो," बडबड्या म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणून त्यानं तो खाकरून नेहमीसारखा केला. "एरवी कोण माझं ऐकतं?"

मोठ्या बाई गेल्या. त्यांनी हात धरला नव्हता. कुणीच धरला नव्हता. तिनं हेडफोन कानावर घेतला. पुढचं बोलणं सुरू करायला तिनं पाय दाबला.

संध्याकाळी दार उघडून सून उभी होती, कडेवर चिमणी. "काय म्हणाल्या?"

"विचारून सांगते म्हणाल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या जायचंय." तिनं पिशवी खाली ठेवली. "जुने कागद सगळे पुन्हा बघणार आहेत. बरोबरच आहे त्यांचं."

पिशवीतलं पेडल काढून सुनेनं त्याची वायर सैल गुंडाळली, पीळ पडणार नाही अशी, आणि परत आत ठेवली.

"आज त्याला फोन करू," आजी म्हणाली. "मीच बोलते." मग तिनं हात धुतला आणि बोट चिमणीच्या ओठांशी नेलं. पोरीनं तोंड उघडलं. डावीकडे, वर, हिरडी फुटून दाढेचं टोक बाहेर आलं होतं. चिमणीचा चेहरा तिला दिसत नव्हता. कान दिसत होते, आणि कपाळावर उडणारे केस. तिनं बोट तिथेच ठेवलं, आणि चिमणी त्यावर नवी दाढ घट्ट रोवून हसली. ते हसणं तिच्या बोटाला कळलं.