फिलोमिनाचा कोट

फिनोला डिनी दारात उभी होती. हातात कापडी पिशवी. तिने ती उघडण्याआधीच ब्रोनाला आत काय आहे ते कळलं. गर्द लाल रंगाची एक बाही वरून डोकावत होती.

"अजून रागावलेलीच आहेस का गं?" फिनोला म्हणाली. "वर्ष झालं आता."

"ये आत," ब्रोना म्हणाली.

तो कोट ब्रोनाच्या आईने शिवला होता. फिलोमिना मॅक्डेड तरुणपणी डेरी शहरातल्या शर्टाच्या कारखान्यात लागली आणि कारखान्याला टाळं लागेपर्यंत तिथे कॉलर बसवत राहिली. तिचा एक लाडका जुना सिनेमा होता. जमीनदाराची बायको नवऱ्याचं घर सोडून घोड्यावरून निघून जाते, असा काहीसा. आजाराने अंथरूण धरायच्या आधी फिलोमिनाने मनावर घेतलं, की त्या बाईचा घोडेस्वारीचा कोट हुबेहूब शिवायचा आणि हॅलोवीनच्या सोंगांच्या मिरवणुकीत ब्रोनाला घालायला लावायचा. मायलेकी टीव्हीसमोर बसायच्या. ब्रोना चित्र थांबवायची, आणि फिलोमिना पडद्याला नाक लावून खांद्याची शिवण कुठे वळते ते बघायची.

"मागे घे परत," ती करवादायची. "मेली हात वर करायला तयार नाही, काख दिसणार कशी?"

सगळा उन्हाळा त्यात गेला. शेवटची बटणं लावली तेव्हा तिची बोटं सुजून टरारली होती. सप्टेंबरात ती गेली.

त्या वर्षी मिरवणुकीला जायचं ब्रोनाच्या मनातच नव्हतं. फिनोला तिची शाळेपासूनची मैत्रीण. गावात नाटकसिनेमाचे वेष भाड्याने द्यायचं तिचं दुकान होतं. "मी घालते ना," ती म्हणाली. "म्हातारीने एवढा जीव ओतलाय, तो काय कपाटात ठेवायला?" ब्रोनाने डोळे पुसत पुसत कोट तिच्या अंगावर चढवला. फिनोलाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि दोन दिवसांनी पेपरात छापून आलं, की फिनोला डिनी यांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून हा कोट स्वतःच्या हाताने शिवला.

ब्रोना तडक दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती, तरी फिनोलाने तिला बाजूला घेतलं नाही.

"अगं, तुझी आई शेवटी शेवटी चहात मीठ घालायची," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ती कसला कोट शिवतेय? तू दुःखात आहेस, मी नाही मनावर घेत."

गिऱ्हाइकांनी कीव आल्यासारखं ब्रोनाकडे पाहिलं. ती वळून दुकानाबाहेर पडली. चहात मीठ घातलं होतं, ते खरं होतं. ब्रोनानेच ते फिनोलाला हसत हसत, विश्वासाने सांगितलं होतं. ते शब्द तिच्या जिव्हारी लागले. कोट दुकानाच्या काचेत लागला, आणि ब्रोना बाजारहाटाला लांबचा फेरा घालून जायला लागली.

आता तोच कोट तिच्या टेबलावर पडला होता.

"ह्या वर्षी मला मंचावर बोलावलंय," फिनोला सांगत होती. "सिनेमातला तो फाटकापाशीचा प्रसंग करायचाय. ती कोट उतरवते, अस्तराची बाजू बाहेर करून डोक्यावर फिरवते आणि चालायला लागते, तो. सगळं गाव त्याचीच वाट बघणार. पण बटणं लागत नाहीत बघ. आणि अस्तराच्या तर चिंध्या झाल्यात. दोन शिंप्यांनी हात लावायला नको म्हटलं."

ब्रोनाने कोट उलटा केला. शिवणींच्या आत आईने भरपूर माया, जादा कापड, सोडली होती. मुलगी कधीतरी जाड होईल, असं धरूनच सोडलेली.

"होईल सैल," ती म्हणाली. "अस्तर नवं घालते. पण हातशिलाईचं काम आहे, मिरवणुकीच्या दिवशीच मिळेल. मीच घेऊन येईन."

फिनोलाने तिचा गाल थोपटला. "तू मनाने मोठी आहेस."

ब्रोनाची धाकटी बहीण, मजेला, संध्याकाळी आली आणि कोट बघून तिचं डोकंच फिरलं. "तिचं काम करतेस? आईला वेडी ठरवलं तिने, चारचौघांत."

"करतेय. आणि चांगलं करतेय. बस इथे, सुईत दोरा ओव."

मधे एकदा फिनोला माप बघायला येऊन गेली, तेव्हा कोट अस्तराविना होता. ती गेल्यावर ब्रोनाने पिवळं रेशीम पसरलं आणि पाठीच्या भागावर खडूने अक्षरं काढली, चार बोटं उंचीची. मग जाड काळ्या दोऱ्याने ती भरत बसली. आईने शिकवलेला साखळी टाका, एकही गाठ न दिसणारा. मजेलाने ते वाचलं, खुदकन हसली आणि पुढच्या सुईत दोरा ओवायला बसली.

मिरवणुकीच्या संध्याकाळी गिल्डहॉल या नगरभवनासमोरच्या चौकात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सांगाड्यांची, चेटकिणींची, बुडालेल्या खलाशांची सोंगं. मंचामागे ब्रोनाने शिंप्याच्या रीतीने फिनोलाच्या मागे उभं राहून कोट धरला. फिनोलाने मागे हात करून तो अंगात सरकवला. ब्रोना पुढे आली आणि तिने खालपासून वरपर्यंत बटणं लावून दिली.

"अगदी मापात बसला गं," फिनोला आरशात बघत म्हणाली.

"तुझंच माप घेतलंय."

ब्रोना मजेलापाशी येऊन उभी राहिली. त्यांच्या आजूबाजूला कारखान्यातल्या जुन्या बायका होत्या; मजेलाने त्यांना मुद्दाम पुढे आणून बसवलं होतं. सिनेमातलं संगीत सुरू झालं. फिनोला ताठ मानेने मंचावरच्या फाटकापर्यंत आली, बटणं सोडली आणि कोट दोन्ही हातांनी उंच फिरवला. दिव्यांच्या झोतात पिवळं रेशीम झळकलं, आणि त्यावर लिहिलेलं मागच्या रांगेपर्यंत दिसलं: हा कोट फिलोमिना मॅक्डेडने शिवला. फिनोला डिनी खोटारडी आहे.

पुढच्या रांगेतल्यांनी आधी ते वाचलं. मग कारखान्यातल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या मारल्या, आणि चौकभर हशा उसळला. फिनोलाला वाटलं आपल्यालाच दाद मिळतेय. तिने वाकून अभिवादन केलं आणि कोट पुन्हा एकदा, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा फिरवला. शेवटी निवेदकाने ते माईकवरून वाचून दाखवलं. तेव्हा तिने कोट उलटा धरून पाहिला. तिचा चेहरा उतरलेला ब्रोनाने डोळे भरून पाहिला. एका क्षणासाठीही तिने नजर हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिनोला कोट घेऊन आली. डोळे सुजलेले. उंबऱ्याच्या आत तिला कोणी बोलावलं नाही.

"माझ्या पोरांसमोर झालं ते, ब्रोना. मला एकटीला गाठून बोलायचं होतंस."

"बोलायला आले होते. तुझ्या दुकानात."

"चुकलंच माझं. मी पेपरात छापून आणते, तुझ्या आईचं नाव घालून."

"ते कालच छापून झालं."

फिनोला पिशवी पायरीवर ठेवून गेली. मजेला आतून ऐकत होती. "माफ करून टाकायचं होतंस," ती हळूच म्हणाली. "रडत होती बिचारी."

"कोटाचं असतं तर केलं असतं," ब्रोना म्हणाली. "मिठाचं नाही करणार."

वसंतात फिनोलाने दुकान विकलं. एकदा पुलावर दोघी समोरासमोर आल्या. फिनोलाने मान खाली घातली आणि कठड्याच्या बाजूने निघून गेली. ब्रोना तिच्याकडे बघत राहिली. कधीतरी तुला वाईट वाटेल, असं मजेला तिला म्हणाली होती. ब्रोनाने थांबून तसं वाटायची वाट पाहिली. नाही वाटलं.