मंगळवारची साक्ष

या मंडळी, जवळ सरकून बसा; माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. माझ्या भाच्याची, कोबिना आर्कोची गोष्ट सांगते. त्याचं बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, मला अजून उमगलेलं नाही.

आपल्या घानाच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी होडी पाण्यात लोटत नाही. तो दिवस समुद्राच्या विसाव्याचा, रविवार देवाचा. मी दोन्ही पाळत आले आणि दोघांचं कधी भांडण झालेलं पाहिलं नाही.

एका सोमवारी कोबिनाचं जाळं पाण्याच्या ओढीला लागून वाहून गेलं. मंगळवारी पहाटे तो एकटाच ते शोधायला निघाला. मासे धरायला नव्हे, असं तो शपथेवर सांगतो. किनाऱ्यालगतचं पाणी होड्यांसाठी राखलेलं, आणि तिथंच एक परदेशी मासेमारी जहाज जाळ्यानं समुद्राचा तळ बिनधास्त खरवडत चाललं होतं. मंगळवारी आपण घरी असतो हे त्यांनाही पाठ झालेलं. कोबिनाचं जाळं त्यांच्या दोरखंडात अडकून चिंध्या होऊन लोंबत होतं. त्यानं कोळशानं जहाजाचा नंबर फळीवर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सरकारी अधिकाऱ्याला त्यानं नंबर खरा सांगितला, जागा खरी सांगितली. वार विचारला तेव्हा म्हणाला, आजच, बुधवारी. कारण मंगळवार मोडणाऱ्याची होडी नाना, म्हणजे आमच्या कोळ्यांचे मुखिया, हंगामभर वाळूवर चढवून ठेवतात, आणि त्या होडीवर बारा घरांच्या चुली.

जहाज अडवलं गेलं. पण त्यांची माणसं कागद घेऊन आली: बुधवारी दिवसभर जहाज धक्क्याला बांधलेलं, वर बंदराचा शिक्का. अधिकारी म्हणाला, सोमवारपर्यंत पक्की साक्ष नसेल तर मला ते सोडावं लागेल.

कोबिना माझ्याकडे आला तेव्हा मी धुरावर तारल्या उलटत होते.

“मावशी, खरं सांगितलं तर नाना होडी चढवतात. गप्प बसलो तर ते जहाज पुढच्या मंगळवारी परत येतं.”

“प्रार्थना कर.”

“केली. देव काही बोलला नाही.”

“मग मासे उलटायला लाग. हात तरी चालू राहतील.”

दुसरं काय सांगणार? मलाच कळत नव्हतं.

रविवारी आम्ही प्रार्थनेला बसलो. आमच्याकडे प्रवचनाच्या मध्येच कुणीतरी उठून गाऊ लागतं. पाद्री थांबतात, सगळे ध्रुवपद उचलतात, मग बोलणं पुढं सरकतं. त्याशिवाय प्रवचन मला अळणी लागतं. त्या दिवशी पाद्री साक्षीदारांबद्दल बोलत होते. बायकांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. पहिल्या बाकावर नाना, मागे कोबिना. कुणाच्या बाजूनं गाऊ? न गाताच खाली बसले.

तेवढ्यात कोबिना उठला. बायका ध्रुवपद उचलायला सरसावल्या.

“नाना,” तो म्हणाला, “मी जहाज बुधवारी नाही पाहिलं. मंगळवारी पाहिलं. मी पाण्यात होतो.”

मागून कुणीतरी विचारलं, ही कुठली चाल? त्याला गप्प केलं. नानांनी मान वळवली नाही.

सोमवारी कोबिनानं अधिकाऱ्यापुढं जबाब बदलला. सोबत नाना स्वतः गेले. म्हणाले, हा माणूस खोटं बोलला ते माझ्या भीतीनं. आता बोलतोय ते खरं. जहाज अजून धक्क्यालाच आहे, खटला चालू आहे. पण परत आल्याबरोबर नानांनी माणसं बोलावली आणि होडी वाळूवर ओढायला लावली. कोबिनानंही खांदा दिला.

“तू आपलं पाणी राखलंस,” नाना त्याला म्हणाले. “होडी मात्र वरच राहील.”

तो जबाबाला निघाला त्या सकाळी त्याच्या दारात केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे ठेवून गेलेल्या बायका आता विहिरीवर त्याच्या बायकोशी बोलत नाहीत, कारण त्यांचेच नवरे त्या होडीवर होते. पाद्री म्हणतात, त्यानं योग्य केलं. नाना म्हणतात, नेम मोडला तो मोडला. मी दोघांपुढं मान डोलावते आणि घरी येऊन पुन्हा विचारात पडते.

तर मंडळी, देवापुढं बसाल तेव्हा कोबिना आर्कोची आठवण ठेवा. त्याच्यासाठी क्षमा मागायची की आभार मानायचे, ते मला विचारू नका. नाव तेवढं घ्या.